चित्रा नक्षत्रातल्या काड्या

सासूबाईंचं कोलियस आमच्या घरात माझ्याही आधीपासून आहे. १९९१ साली लग्न होऊन मी बेळगावातल्या वडगावात आले, तेव्हा ते न्हाणीच्या दाराशी तेलाच्या जुन्या डब्यात उभं होतं. गर्द तांबडं पान, कडेला पोपटी झालर आणि मधल्या शिरेवर गुलाबी शिंतोडे. कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्यातून एक काडी मागून, ओल्या फडक्यात गुंडाळून सासूबाई ती चालत घरी घेऊन आल्या होत्या. ते मूळ झाड कधीच संपलं. त्याची काडी, त्या काडीची काडी, अशी ओळ मात्र आजवर चालू आहे. कोलियसचं बी पेरलं तर येणारं रोप आईसारखं निघेलच असं नाही, रंग हमखास बदलतो. काडीतून येतं ते तेच झाड. म्हणून ही ओळ एकदा तुटली की तुटली. नर्सरीत आज याहून देखणी कोलियस मिळतात, पण ती सासूबाईंनी चालत आणलेली नव्हेत.

२०१८च्या डिसेंबरात ती ओळ तुटता तुटता राहिली. त्या महिन्यात परड्यातल्या तेरा कुंड्या गेल्या. दोन अॅडेनियम बुडातून मऊ पडले, बिगोनिया एका रात्रीत लोळला, कोलियसची पानं काळसर होऊन गळत गळत नुसत्या काड्या उरल्या. झाडं सुकताहेत असं वाटून मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी एका कुंडीत बोट घातलं, बोटाला लागलेला चिखल मला दाखवला आणि म्हणाल्या, "थंडीनं मेली नाहीत गे ही. पाण्यानं मारलीस." मी परड्यातच रडले. मग त्यांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेलं. दिवाळीत त्यांनी एका पेल्यात कोलियसची एक काडी ठेवून दिली होती. तिला बोटभर पांढऱ्या मुळ्या आल्या होत्या. आज घरात आहेत ती सगळी कोलियस त्या एका काडीची.

तेव्हापासून दर वर्षी मी ही तयारी मन लावून करते. यंदाची, म्हणजे २०२५च्या पावसाळ्यानंतरची, इथे सविस्तर लिहिते आहे. आपल्या भागापुरतं असं कुणी लिहिलेलं मला तेव्हा मिळालं असतं तर ते दोन अॅडेनियम वाचले असते.

आधी आपल्या थंडीबद्दल. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. इथे बर्फ नाही, पाणी गोठत नाही. परदेशातल्या बागांचे व्हिडिओ पाहून कुंड्यांना गोणपाट गुंडाळत बसण्याची आपल्याला काही गरज नाही. पण मार्गशीर्ष-पौषात काही रात्री पारा दहा-बाराच्या घरात उतरतो आणि दुपारी परत चांगलं ऊन तापतं. शिवाय वारा फिरतो. पावसाळाभर तो जांबोटी-खानापूरच्या रानाकडून ओला येत असतो. कार्तिक लागला की गोकाक-सौंदत्तीच्या उघड्या माळाकडून कोरडा यायला लागतो. उष्ण प्रदेशातली कोवळी झाडं, कोलियस, बिगोनिया, इम्पेशन्स, कॅलेडियम, अॅडेनियम, क्रोटन, गार रात्री आपली कामं जवळजवळ बंद करतात. मुळं पाणी ओढत नाहीत. कुंडीतली माती ओलीच राहते, त्यात बुरशी धरते. वरून तो कोरडा वारा पानांतलं पाणी पळवतो, म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो. माझं तेच झालं होतं. आपल्याकडे झाडाला गारठ्यापेक्षा ओल्या बुडाचं भय जास्त.

सासूबाई म्हणायच्या, काड्या लावायच्या त्या दसरा आणि दिवाळीच्या मध्ये. पण सण मागेपुढे होतात. यंदा दसरा २ ऑक्टोबरलाच आला. हस्ताचा पाऊस अजून संपायचा होता, हवा दमट आणि कुंड्या चिंब. अशा दिवसांत कापलेल्या काडीला मुळी फुटण्याआधी बुरशीच गाठते. म्हणून आता मी सणापेक्षा सूर्याचं नक्षत्र धरते, शेतकरी पेरणीला धरतात तसं. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागतो, चित्रा १० ऑक्टोबरला, स्वाती २४ ऑक्टोबरला. या तारखा दर वर्षी एखाद्या दिवसाच्या फरकानं त्याच राहतात. हस्तात झाडांची तब्येत बघायची, चित्रात काड्या लावायच्या, स्वातीत कुंड्या आत घ्यायच्या. चित्रात पाऊस ओसरलेला असतो, ऊन असतं आणि माती अजून उबदार असते. मुळी फुटायला वीस ते पंचवीस अंशांची उबदार माती लागते. दिवाळी उलटली की ती ऊब रोज थोडी थोडी कमी होत जाते. उशिरा लावलेली काडी मरत नाही, पण तशीच उभी राहते, महिना महिना.

हस्तात मी खत बंद केलं. नत्राचं खत या दिवसांत दिलं की कोवळा, पाणीदार फुटवा येतो आणि पहिल्या गारठ्यात तोच आधी काळा पडतो. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून धुऊन माळ्यावर टाकल्या. प्रत्येक कुंडी उचलून बुडाचं भोक उघडं आहे का बघितलं. चार कुंड्यांची भोकं मुळांनी आणि गाळानं बंद झाली होती, ती छत्रीच्या जुन्या तारेनं मोकळी केली. कुंडीखाली गोगलगायी दडलेल्या असतात, त्या वेचल्या. क्रोटनच्या पानांच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण होता. तो कानात घालायच्या कापसाच्या काडीनं, स्पिरिट लावून, एकेक टिपला. मग एक लिटर पाण्याला पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी सगळ्यांवर फवारा दिला, आठ दिवसांनी परत एकदा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळायचं नाही. कीड घेऊन आत गेलेलं एक झाड महिनाभरात अख्खी खोली भरवतं.

काड्यांसाठी माती मी वापरत नाही. आपल्या शाहापूर-वडगावच्या शिवाराची काळी माती भाताला सोन्यासारखी आहे, पण कोवळ्या काडीला ती गुदमरवते. तांबडी माती त्यातल्या त्यात बरी, तरी नुसती नको. माझं मिश्रण असं: एक भाग जाड वाळू, पाणी नितळ दिसेपर्यंत पाच-सहा वेळा धुतलेली, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक भाग चुरमुऱ्याच्या भट्टीतला जळका तूस. हा तूस म्हणजे भाताच्या टरफलाचा कोळसा. हलका, काळा, मोकळा, आणि ताजा जळलेला असल्यानं त्यात बुरशी नसते. भट्टीवाले मामा पोतंभर फुकट देतात. राख झालेला पांढरा भाग चाळून काढायचा, काळा तेवढा घ्यायचा. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, इतपत ओल.

११ ऑक्टोबर, शनिवार. आदल्या संध्याकाळी झाडांना पाणी दिलं होतं, म्हणजे सकाळी काडी भरलेली, ताठ मिळते. सहाला उठून, ऊन यायच्या आत परड्यात गेले. दाढीचं नवं पातं आणि स्पिरिटचा बोळा. कात्रीनं काडी चेंगरते, चेंगरलेल्या जागी कुज धरते, म्हणून पातंच.

कोलियसची काडी चौकोनी असते. बोटांत फिरवली की चारही कडा लागतात. दर दोन-तीन इंचांवर समोरासमोर पानांची जोडी, ते पेर. मी तुरा न आलेला शेंडा निवडते, कारण तुरा आलेल्या काडीची ताकद फुलाकडे जाते. चार बोटं लांबीचा शेंडा, पेराच्या खाली दोन सूत ठेवून एकाच ओढीत कापायचा. खालच्या दोन जोड्या चिमटीत धरून बाजूला मोडल्या की स्वच्छ निघतात आणि तिथे फिकट हिरवा डोळा दिसतो. बहुतेक मुळ्या तिथून फुटतात. वरची पानं मोठी असतील तर निम्मी कापून टाकते. मुळी नसलेल्या काडीला एवढ्या पानांना पाणी पुरवणं झेपत नाही. मिश्रणात आधी पेन्सिलीनं भोक पाडायचं, मग काडी ठेवून दोन बोटांनी दाबायचं. थेट खुपसली तर बुडाची साल सोलते.

अशा बारा काड्या कोलियसच्या, सहा बिगोनियाच्या, चार इम्पेशन्सच्या. मिठाईच्या पारदर्शक डब्यांना बुडात भोकं पाडून त्यात लावल्या आणि तसेच दुसरे डबे वर उपडे घातले. आत दव धरतं, काडी ताजी राहते. मात्र रोज सकाळी दहा मिनिटं झाकण काढून आतली वाफ पुसायची. सासूबाईंच्या ओळीतल्या दोन काड्या मी वेगळ्या काचेच्या पेल्यातही ठेवल्या, स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीत. पाण्यात कोलियसला आठ-दहा दिवसांत मुळी दिसते. पाण्यातली मुळी नाजूक असते, मातीत गेल्यावर तिला परत जुळवून घ्यावं लागतं, हे खरं. पण पेल्यातली काडी डोळ्यांपुढे असते, आणि २०१८ नंतर मला ती डोळ्यांपुढे लागते.

मुळी फुटायची पावडर मी कोलियस-बिगोनियाला लावत नाही. त्यांना तिची गरजच नाही. मध, दालचिनी, कोरफड लावा असं पुष्कळ जण सांगतात. मी तिन्ही करून पाहिलं, फरक दिसला नाही. धारदार पातं आणि पाणी न साठणारं मिश्रण यांनी जे होतं ते कशानंच होत नाही. जास्वंद, बोगनवेल अशा लाकडी काड्यांना पावडरचा उपयोग होतो, पण त्यांचा काळ मृगाचा. यंदा मोह आवरला नाही म्हणून जास्वंदीच्या पाच लावल्या, त्यातल्या दोन जगल्या.

जिरेनियमची गोष्ट वेगळी, आणि ती मी नुकसान सोसून शिकले आहे. २०१९ साली त्याच्या आठ काड्या कोलियससारख्याच डब्याखाली झाकल्या. सहाव्या दिवशी आठही काड्यांचे बुडखे शाईसारखे काळे. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. खोडात पाणी साठवून ठेवणारं, अंगठ्याच्या पेरासारख्या गाठी असलेलं. त्याला दमट हवा सोसत नाही. आपली थंडी त्याला उलट मानवते, त्याला मारतो तो आपला पावसाळा. आषाढ-श्रावण काढून झाड जेमतेम उरतं, बुडाशी पोकळ, वर चार पानं. म्हणून चित्रात त्याच्या शेंड्याच्या काड्या घेऊन नवं झाड करायचं, ते थंडीत फुलतं. सकाळी कापलेली काडी संध्याकाळपर्यंत सावलीत कागदावर नुसती पडू द्यायची. जखम सुकून तिच्यावर पातळ कातडी धरते. पानं जरा मलूल होतात, होऊ द्यावीत. मग लावायची, एकदाच थोडं पाणी, झाकण नाही, आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय परत पाणी नाही. यंदा आठातल्या सात लागल्या. हाताला तो वास दिवसभर राहतो, लिंबासारखा नाही, गवतासारखाही नाही, त्या दोन्हींच्या मधला. मला तो फार आवडतो.

आता जागेबद्दल. आमच्या घरात मागची खोली ही मागाची खोली होती. सासरे माग चालवायचे. २००९ साली माग निघाला, खड्डा बुजवला, खोली तशीच राहिली. विणकराला सुताचा रंग नीट दिसायला हवा, म्हणून या खोलीला दक्षिणेला दोन मोठ्या खिडक्या आहेत. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारी ऊन आत पार मधोमध येतं. पूर्वेचा वारा इथे लागत नाही. आणि या खोलीची एक भिंत न्हाणीला लागून आहे. पलीकडे चुलीवर हंडा. रोज पहाटे जाळ लागतो आणि अकरा-बारापर्यंत भिंत हाताला कोमट लागते. काड्यांचे डबे मी त्या भिंतीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवते. खालून ऊब, वर गार हवा. काडीला यासारखं दुसरं सुख नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी जागा नव्हती म्हणून दोन डबे तिथे ठेवले आणि तेच सगळ्यांच्या आधी लागले.

मुळी आली का बघायला काडी उपटायची नाही. शेंड्याला धरून मुंगी उचलावी इतक्या हलक्या हातानं वर ओढायची. काडी अडली, तिनं माती धरून ठेवली, की समजायचं. कोलियस तेराव्या दिवशी अडलं, बाराच्या बारा. बिगोनियाला महिना लागला आणि सहातल्या चार राहिल्या. इम्पेशन्स चारही. अडायला लागली की झाकण आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग कायमचं काढायचं.

मोठ्या कुंड्या आत घेण्याचं काम स्वातीत. एकदम आत आणल्या की उजेड कमी झाल्याच्या धक्क्यानं पानं गळतात, म्हणून आधी आठ-दहा दिवस पडवीत. लांबलेल्या फांद्या एक-तृतीयांश छाटल्या, पिवळी पानं, सुकलेली फुलं वेचली, पानं ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसली. एका कुंडीत मुंग्यांनी घर केलं होतं. ती कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवली, मुंग्या आपण होऊन निघाल्या, मग ती चार दिवस उन्हात निथळवली. पॉइनसेटियाला मात्र या दिवसांत पातं लावायचं नाही. ऑक्टोबरपासून रात्री लांबतात तशी तिच्यात लाल पानांची तयारी सुरू होते. आमच्या गल्लीतला विजेचा दिवा रात्रभर तिच्यावर पडायचा, तेव्हा ती डिसेंबरात हिरवीच राहायची. आता ती माडीच्या जिन्याखाली, अंधाराच्या बाजूला असते. दुपारी ऊन मिळतं, रात्री पूर्ण काळोख. काड्या घ्यायच्या त्या लाल पानं गळल्यावर, फाल्गुनात. तिचा पांढरा चीक कातडीला झोंबतो, डोळ्याला लागला तर फार वाईट, म्हणून हात लगेच धुवायचे.

अॅडेनियमच्या बाबतीत माझी गुरू समोरच्या घरातल्या अक्का. त्या कन्नड बोलतात, मी मराठी, आणि आमचं तीस वर्षं उत्तम चाललं आहे. त्यांचं अॅडेनियम त्यांच्या मुलाच्या वयाचं, बुंधा घागरीएवढा. दिवाळीनंतर मी झारी घेऊन दिसले की त्या कट्ट्यावरून हात हलवतात, "वैनी, नीर ब्याड! नीर ब्याड!" पाणी नको. पानं पिवळी पडून गळतात तेव्हा मन राहत नाही, पण झाड झोपतंय, त्याला झोपू द्यायचं. बुंधा दाबून पाहायचा, कडक असला की सगळं ठीक. किंचित सैल लागला तर भर दुपारी वाटीभर पाणी, तेही तीन आठवड्यांतून एकदा. यंदा माझी दोन्ही झाडं कडक आहेत. रोज दाबून पाहते.

बाकी झाडांना पाणी कधी, याला वाराचा हिशोब नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं. तिथे कोरडं लागलं तरच पाणी, आणि ते सकाळी दहाच्या सुमाराला, म्हणजे रात्रीपर्यंत जास्तीचं निथळतं. दुसरी खूण कुंडी उचलून बघण्याची. कोरडी कुंडी हलकी लागते, आठवडाभरात हाताला ते वजन कळायला लागतं. खानापूरची भाजलेली मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, म्हणून थंडीत तीच बरी. प्लास्टिकच्या कुंडीतल्या झाडाला पाणी बरंच कमी लागतं.

सौंदत्तीची मार्गशीर्षातली पुनव झाली आणि खरी थंडी पडली. गल्लीतल्या बायका तिथल्या यल्लम्माच्या यात्रेहून आल्या त्या स्वेटर घालूनच. तोवर कोलियसच्या नव्या रोपांना चार-चार पानं आली होती. त्यांचे शेंडे नखानं खुडले, म्हणजे बाजूनं फुटतात आणि झाड डेरेदार होतं. खुडलेला शेंडाही मी टाकला नाही, तो पेल्यात गेला.

संक्रांतीला यंदा हळदीकुंकवाचं वाण म्हणून रोपंच दिली. कोलियसची नऊ आणि जिरेनियमची चार, चहाच्या कागदी कपात, कपावर पेन्सिलीनं "बोट घालून बघा, मगच पाणी" असं लिहून. अक्कांनी त्यांचं रोप कुंकू लावून घेतलं. पुण्याच्या लेकीसाठी एक काढून ठेवलं. ती ते मांडीवर घेऊन एसटीनं गेली आणि पोचल्यावर तिचा पहिला फोटो त्या रोपाचा आला, एक पान मोडलेलं, बाकी ठीक. तिच्या खिडकीत सकाळचंच ऊन येतं, तेवढं कोलियसला पुरतं.

महाशिवरात्रीनंतर कुंड्या परत पडवीत यायला लागतात, आधी सावलीत आठ दिवस, मग उन्हात. कॅलेडियम तेवढे राहतात. त्यांची पानं नोव्हेंबरात आडवी झाल्यावर गड्डे काढले, माती झटकली, सावलीत आठवडाभर वाळवले आणि कोरड्या तुसात घालून बुटाच्या खोक्यात ठेवले. खोकं त्याच कोमट भिंतीच्या कट्ट्यावर आहे. एकूण अकरा गड्डे. महिन्यातून एकदा उघडून एकेक दाबते. जानेवारीत एक मऊ लागला, तो काढून टाकला. उरलेले दहा वळवाचा पहिला पाऊस पडेपर्यंत तिथेच राहतील.